येशूची ओळख करून घ्यायची आहे? मग अशी सुरुवात करा

गेली बारा-तेरा वर्षं रविवारची उपासना संपली की मी आमच्या चर्चच्या शेवटच्या बाकापाशी थांबते. तिथे बहुतेक वेळा कुणीतरी नवीन बसलेलं असतं. कुणी मैत्रिणीबरोबर आलेलं, कुणी रस्त्याने जाताना गाणी ऐकून आत शिरलेलं, कुणी घरात काहीतरी घडलंय म्हणून आलेलं. चहाचा कप हातात आला की प्रश्न ठरलेले असतात. आम्ही ख्रिश्चन नाही, आलो तर चालतं ना? बायबल कुठून सुरू करायचं? प्रार्थनेत नक्की म्हणायचं काय? आणि दोन-तीन आठवडे गेल्यावर, आवाज जरा खाली आणून: पुढे धर्म बदलावा लागतो का?

ही उत्तरं एका जागी लिहून काढावीत असं फार दिवस मनात होतं. ज्यांना ख्रिस्ती श्रद्धा आत येऊन पाहायची आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. पुढे ती स्वीकारायची की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. जन्माने ख्रिस्ती असून नाताळ आणि लग्नकार्य सोडलं तर चर्चची पायरी न चढणारे पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठीही हे आहे.

आधी एक सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. बहुतेक जण मतांपासून सुरुवात करतात. देव एक आणि तरी पिता, पुत्र, पवित्र आत्मा कसा? कुमारीच्या पोटी जन्म कसा? मेलेला उठला कसा? हे प्रश्न खरे आहेत आणि ते टाळायचे नाहीत. पण ही श्रद्धा मुळात एका व्यक्तीशी होणारी ओळख आहे. ओळख आपण कशी वाढवतो? त्याचं बोलणं ऐकतो, त्याच्याशी बोलतो, त्याच्या घरी जातो, त्याच्या पंगतीला बसतो. मी त्याच क्रमाने सांगणार आहे.

पहिली पायरी: आधी मार्क वाचा

बायबल म्हणजे एक पुस्तक नाही, पुस्तकांचा संग्रह आहे. प्रोटेस्टंट बायबलमध्ये ६६ पुस्तकं आहेत, जुन्या करारात ३९ आणि नव्यात २७. कॅथलिक बायबलमध्ये एकूण ७३. पहिल्या पानापासून सुरू करणाऱ्यांचं काय होतं ते मी पाहिलेलं आहे. उत्पत्ती गोडीने वाचून होते, निर्गमही होतं, आणि लेवीयमधल्या यज्ञांच्या नियमांपाशी पुस्तक मिटतं ते कायमचं.

म्हणून मार्ककृत शुभवर्तमानापासून सुरुवात करा. येशूच्या जीवनाची हकीकत सांगणाऱ्या पुस्तकांना शुभवर्तमान म्हणतात. मत्तय, मार्क, लूक आणि योहान अशी ती चार, नव्या कराराच्या सुरुवातीला आहेत. चारही शुभवर्तमानांत हे सगळ्यांत लहान, अवघे १६ अध्याय. दीड-दोन तासांत एका बैठकीत होतं. यात गोठ्यातला जन्म नाही, बाळाला भेटायला पूर्वेकडून आलेले मागी म्हणजे ज्ञानी लोक नाहीत. बाप्तिस्मा करणारा योहान यार्देन नदीकाठी उभा आहे, येशू येतो आणि गोष्ट धावायला लागते. ‘लागलीच’, ‘लगेच’ हे शब्द सारखे भेटतात. पहिल्यांदा कथेसारखं वाचा. मधे थांबून अर्थ शोधू नका.

दुसऱ्या वेळी रोज एकच प्रसंग घ्या आणि हातात पेन्सिल ठेवा. कळलं नाही तिथे प्रश्नचिन्ह, मनाला लागलं तिथे उभी रेघ, राग आला तिथे फुली. फुली मारायला घाबरू नका. आमच्याकडे येणाऱ्या एका कॉलेजच्या मुलीने सातव्या अध्यायात इतकी जोरात फुली मारली होती की कागद फाटला. तिथे एक परकी बाई आजारी मुलीसाठी येशूच्या पायाशी येते आणि तो तिला म्हणतो की मुलांची भाकर घेऊन कुत्र्यांना घालणं बरं नाही. ‘हा तुमचा प्रेमळ देव?’ तिने विचारलं. मी उत्तर दिलं नाही, पुढच्या दोन ओळी मोठ्याने वाचायला सांगितल्या. ती बाई मागे हटत नाही. मेजाखालची कुत्रीही मुलांच्या हातून पडलेला चुरा खातात, असं ती त्याला ऐकवते, आणि येशू तिच्या या बोलण्यासाठीच तिची मुलगी बरी करतो. त्या प्रसंगावर आम्ही तीन रविवार बोललो. तिची फुली अजून आहे, शेजारी आता उभी रेघही आहे.

मार्कनंतर मत्तयचे ५ ते ७ हे अध्याय घ्या. यालाच डोंगरावरचं प्रवचन म्हणतात. कवी नारायण वामन टिळक राजनांदगावला निघाले होते, तेव्हा आगगाडीत एका अनोळखी गोऱ्या सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला. वाचत वाचत ते या अध्यायांपाशी आले आणि तिथून त्यांना हलवेना. पुढे १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती होण्याचा पाण्याचा संस्कार, घेतला. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताच्या चरणांशी आलो असं ते सांगत. गाथा वाचून वाढलेल्या माणसाला हे बोलणं ओळखीचं वाटतं, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे. त्यामुळे घरातला वारकरी संस्कार ही अडचण आहे असं समजू नका.

त्यानंतर लूकचा १५ वा अध्याय. हरवलेलं मेंढरू, हरवलेलं नाणं, हरवलेला मुलगा. मग योहानकृत शुभवर्तमान. या सगळ्याच्या जोडीला रोज एक स्तोत्र. स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत, आणि त्यांत आनंद आहे तसं रडणं, शिव्याशाप, देवाशी भांडणही आहे. मन फार खचलेलं असेल तर ८८ वं वाचा. त्याचा शेवट अंधारातच होतो, कुणी येऊन समजूत घालत नाही. असं स्तोत्र पवित्र शास्त्रात आहे याचाच काही जणांना मोठा आधार वाटतो.

कोणतं मराठी बायबल घ्यावं? बायबल सोसायटी ऑफ इंडियाचं पवित्र शास्त्र बहुतेक प्रोटेस्टंट चर्चमध्ये वाचतात. ‘आम्हांस’, ‘तुम्हांस’ अशी जरा जुनी भाषा, पण मोठ्याने वाचलं की फार सुंदर लागते. टिपांसह समजून घ्यायचं असेल तर वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’ घ्या. २०२० मध्ये उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले तेच फादर. त्यांची मराठी आजची आहे. मोबाइलवर फुकट ॲप आहेत, ऐकायची सोयही आहे, आणि प्रवासात ती उपयोगी पडते. तरी पहिलं वाचन कागदावर करा. फोनवर मार्कच्या मधोमध कुणाचा तरी गुड मॉर्निंगचा मेसेज येतो.

एक जाता जाता. हा धर्म मराठीत उपरा आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी १६१६ साल लक्षात ठेवावं. त्या वर्षी गोव्यात राशोलला फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ छापलं गेलं. रोमन लिपीत, पण ओवी आपली आणि भाषा आपली. आणि केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षं मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणण्यात घालवली. १९२२ मध्ये त्या गेल्या, त्याआधी काम पुरं झालं होतं. छपाईचं कामही तिथल्याच बायका शिकल्या होत्या. मराठी बायबल हातात धरलं की मला छपाईचे खिळे जुळवणाऱ्या त्या बायकांची आठवण येते.

दुसरी पायरी: बोलायला शिका

प्रार्थना कशी करायची हे येशूच्या शिष्यांनाही माहीत नव्हतं. त्यांनी विचारलं, तेव्हा त्याने एक छोटी प्रार्थना शिकवली. तिलाच प्रभूची प्रार्थना म्हणतात. ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ अशी तिची सुरुवात. मत्तयच्या सहाव्या अध्यायात आहे, पाठ करा. मग आठवडाभर रोज तिची एकच ओळ घ्या. ‘आमची रोजची भाकर आज आम्हांस दे’ ही ओळ घेऊन सकाळी ओट्यापाशी उभं राहून बघा. माझं माहेर नगरचं. माझी आजी बाजरीची भाकरी थापताना ही ओळ पुटपुटत असे. पिठाचा उंडा, पाण्याचा हात, परातीत थापण्याचा आवाज आणि मधूनच ‘आज आम्हांस दे’. उद्याचं नाही, वर्षाचं नाही, आजचं. दुष्काळ पाहिलेल्या बाईच्या तोंडून ते ऐकलेलं असल्यामुळे मला ही प्रार्थना कधी नुसती पाठ केल्यासारखी म्हणता आली नाही. आणि ‘माझी’ नाही, ‘आमची’ भाकर. शेजारच्या घरात चूल पेटली का, हाही त्याच ओळीतला प्रश्न आहे.

त्यानंतर आपल्या शब्दांत बोला. वेगळी भाषा लागत नाही, मोठा आवाज लागत नाही, डोळ्यांतून पाणी यावं लागत नाही. काही चर्चमध्ये लोक हात उंचावून मोठ्याने प्रार्थना करतात आणि नवीन माणूस बिचकतो. तुमची प्रार्थना तशी असायलाच हवी असं मुळीच नाही.

बोलणं जमत नसेल तर या तीन रीती आहेत. तिन्ही जुन्या आहेत, आणि तिन्ही धावपळीच्या दिवसात बसतात.

पहिली रीत वाचनातून प्रार्थनेची. बाराव्या शतकात गीगो नावाच्या मठवासी संन्याशाने तिच्या चार पायऱ्या लिहून ठेवल्या: वाचन, मनन, प्रार्थना आणि मग शब्द सोडून नुसतं देवासमोर बसणं. करून पाहायची असेल तर मार्कच्या दहाव्या अध्यायाचा शेवट घ्या. यरीहोच्या रस्त्याकडेला आंधळा बार्तिमय भीक मागत बसला आहे. येशू जातोय हे कळताच तो ओरडतो, लोक त्याला गप्प बसवतात, तो आणखी ओरडतो. येशू थांबतो, त्याला बोलावून घेतो आणि विचारतो, तुझ्यासाठी मी काय करावं? आंधळ्याला काय हवंय ते दिसतच होतं, तरी विचारतो. हा प्रसंग सावकाश दोनदा वाचा. मग पुस्तक बाजूला ठेवा आणि तो प्रश्न तुम्हाला विचारलाय असं समजून उत्तर द्या. पटकन सुचणारं उत्तर बहुधा खरं नसतं. पाच मिनिटं थांबलात की खालचं वर येतं.

दुसरी रीत रात्रीची, इग्नेशियस लोयोला यांची. हे स्पेनमधले सैनिक. १५२१ मध्ये तोफेच्या गोळ्याने पाय मोडला, आणि अंथरुणात पडल्या पडल्या त्यांचं आयुष्य बदललं. पुढे त्यांनी येशूसंघ हा कॅथलिक धर्मगुरूंचा संघ स्थापला. त्यांनी दिवसाची झडती घ्यायला शिकवलं. आधी देवाकडे उजेड मागायचा. मग आज कशाबद्दल आभार मानावेत ते आठवायचं. मग सकाळपासून रात्रीपर्यंतचा दिवस मनातल्या मनात परत चालायचा. कुठे प्रेमाने वागलो, कुठे चुकलो? चुकलं त्याची क्षमा मागायची, आणि उद्याचं एखादं काम देवाच्या हाती द्यायचं. दहा मिनिटं पुरतात. आमच्याकडचा एक जण हे स्वारगेट ते हडपसर बसमध्ये करतो.

तिसरी रीत एका ओळीची. पूर्वेकडच्या मठांतून आलेली: ‘प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर.’ श्वास घेताना अर्धी, सोडताना अर्धी. नामस्मरणाची सवय असलेल्यांना ही रीत समजावून सांगावी लागत नाही. माझे पती अतिदक्षता विभागात होते त्या नऊ रात्री मला दुसरी कुठलीही प्रार्थना करता आली नाही. बाहेरच्या लोखंडी खुर्चीवर बसून मी ही एकच ओळ धरून होते. ते बरे झाले म्हणून ही रीत खरी, असं मी म्हणत नाही. शेजारच्या खुर्चीवरच्या बाईंचा मुलगा गेला. शेवटच्या रात्री आम्ही दोघी मिळून तीच ओळ म्हणत होतो.

प्रार्थनेत काहीच जाणवत नाही, अशी तक्रार सगळ्यांची असते, आणि ती महिना-दोन महिन्यांतच येते. मदर तेरेसांची खासगी पत्रं २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. कित्येक वर्षं त्यांना आत नुसता कोरडेपणा आणि अंधार जाणवत होता हे त्यांतून जगाला कळलं, आणि त्या सगळ्या काळात त्या पहाटे उठून प्रार्थनेला बसत होत्या. तेव्हा वेळ ठरवा आणि बसा. काय जाणवतं ते आपल्या हातात नाही.

तिसरी पायरी: घरी जा

म्हणजे चर्चमध्ये. आमच्याकडची जुनी माणसं अजून ‘देवळात जाऊन येते’ असंच म्हणतात.

महाराष्ट्रात चर्च एका प्रकारचं नाही. वसई, मुंबई, गोव्याकडे कॅथलिक मोठ्या संख्येने आहेत, नगर-नाशिककडेही आहेत. त्यांच्या उपासनेला मिस्सा म्हणतात. नगर, पुणे, सातारा, सोलापूर या भागांत जुन्या मिशनांच्या मंडळ्या, म्हणजे चर्चचे समुदाय, आहेत. त्यांतल्या अनेक चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आहेत, ते १९७० मध्ये नागपूरला अनेक मंडळ्या एकत्र येऊन झालं. मेथडिस्ट आहेत, मुक्तिफौज आहे, आणि शहरांत भाड्याच्या हॉलमध्ये भरणाऱ्या पेंटेकॉस्टल मंडळ्या आहेत. फरक पुष्कळ आहेत, त्यांत आत्ताच शिरू नका. जवळचं, मराठीतलं, आणि उपासनेनंतर लोक थांबून बोलतात असं चर्च निवडा. एकाच चर्चमध्ये लागोपाठ निदान सहा रविवार जा. दर आठवड्याला नवं चर्च पाहत फिरलात तर ओळख कुणाचीच होत नाही.

पहिल्या दिवसासाठी व्यावहारिक गोष्टी. दहा मिनिटं आधी पोचा. दाराबाहेर चपला काढलेल्या दिसल्या तर काढा, नाहीतर घालून आत गेलात तरी चालतं. खेड्यातल्या काही चर्चमध्ये बायका एकीकडे, पुरुष दुसरीकडे बसतात, आणि प्रार्थनेच्या वेळी बायका डोक्यावर पदर घेतात. मागे बसा म्हणजे बाकीचे उठले की उठता येतं, बसले की बसता येतं. मिस्सा साधारण तासाभराची, मराठी प्रोटेस्टंट उपासना दीड ते दोन तासांची. गाण्यांचं पुस्तक शेजाऱ्याकडे मागा. प्रोटेस्टंट चर्चमध्ये बहुधा ‘उपासना संगीत’ असेल. त्यात टिळकांची पुष्कळ पदं आहेत, पेटी-तबल्यावर ती गातात, आणि चाल येत नसली तरी ताल धरता येतो. अर्पणाची पिशवी फिरते तेव्हा काही टाकलंच पाहिजे असं नाही, पुढे सरकवली तरी कुणी वाईट मानत नाही. नव्या लोकांना उभं राहून नाव सांगायला लावण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. नको असेल तर दारातच कुणाला तरी तसं सांगून ठेवा.

चौथी पायरी: पंगत

सगळ्यांत जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून जरा सविस्तर.

येशूने पकडला जाण्याच्या रात्री शिष्यांबरोबर जेवण केलं. भाकर मोडून ‘हे माझे शरीर आहे’ म्हणाला, प्याला देऊन ‘हे माझे रक्त आहे’ म्हणाला आणि माझ्या आठवणीसाठी हे करा असं सांगितलं. तेव्हापासून हे जेवण चालू आहे. कॅथलिक त्याला ख्रिस्तशरीर संस्कार म्हणतात आणि प्रत्येक मिस्सेत तो असतो. आमच्याकडे त्याला प्रभूभोजन म्हणतात आणि ते महिन्यातून एकदा असतं.

आमच्या चर्चमध्ये त्याची तयारी करणाऱ्यांत मी आहे. शनिवारी संध्याकाळी आम्ही दोघी-तिघी मागच्या खोलीत काळ्या मनुका उकळतो. रस मलमलीच्या फडक्यातून गाळतो, रंग जांभळ्या शाईसारखा उतरतो. पाव साध्या बेकरीतला. कडा काढून पेराएवढे चौकोनी तुकडे करायचे. अंगठ्याएवढे काचेचे पेले धुऊन, भोकं असलेल्या गोल ताटात एकेक बसवायचे. दुसऱ्या दिवशी ते ताट बाकांमधून फिरतं तेव्हा त्या पेल्यांची बारीक किणकिण सगळ्या चर्चमध्ये ऐकू येते. बाकी पूर्ण शांतता असते. दुकानदार, शिक्षिका, निवृत्त कंडक्टर, धुणीभांडी करणारी बाई, सगळ्यांच्या हाती तेवढाच तुकडा आणि तेवढाच पेला. माझ्या खापरपणजोबांना गावच्या विहिरीवर पाणी भरायला बंदी होती. एका ताटातून घेणं म्हणजे काय हे त्यांना जितकं कळलं असेल तितकं मला कळणार नाही, पण ताट हातात आलं की त्यांची आठवण होते.

नवीन माणसाने काय करावं? घेऊ नये. कॅथलिक चर्चमध्ये हा संस्कार कॅथलिकांसाठी असतो. आमच्यासारख्या बहुतेक चर्चमध्ये बाप्तिस्मा झालेल्यांसाठी. तुम्ही जागेवर शांत बसा, किंवा ताट आलं तर पुढच्याकडे द्या. हा तुमचा अपमान नाही. जी शपथ तुम्ही अजून घेतलेली नाही ती चुकून तुमच्या तोंडी पडू नये, एवढंच त्यामागे आहे. काही कॅथलिक चर्चमध्ये दोन्ही हात छातीवर दुमडून पुढे गेलात तर फादर डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतात. आधी विचारून घ्या.

सोमवार ते शनिवार

रविवार सोपा असतो. कस लागतो तो बाकीच्या दिवसांत.

डोंगरावरच्या प्रवचनात येशू म्हणतो की वेदीपाशी अर्पण आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे तिथे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर. आमच्या वाचनगटात एक गृहस्थ येत. ते ख्रिस्ती नव्हते, आजही नाहीत. त्या दिवशी ते वाचून गप्प झाले. गावाकडे बांधावरून भावाशी वाद होता, सहा वर्षं बोलणं बंद. हातभर जमीन. पुढच्या शनिवारी ते गावी गेले. भावाने दारातच उभं केलं, आत बोलावलं नाही. हे परत आले. दिवाळीत पुन्हा गेले. तेव्हा वहिनीने पाणी दिलं. बांध अजून आहे तिथेच आहे, पण पुतणीच्या लग्नात दोघे भाऊ एका पंगतीत बसले. ख्रिस्ती साधना कशी असते असं कुणी विचारलं तर मी हे सांगते. प्रयत्न एकदा करून सोडायचा नाही, आणि समोरच्याने कसं वागावं हे ठरवायचं नाही.

तुम्हीही एक नाव काढा. ज्याच्याशी बोलणं तुटलं आहे असं एक. महिनाभर रोज त्या माणसाच्या भल्यासाठी प्रार्थना करा, मग काय करायचं ते ठरवा. मात्र ज्याने मारहाण केली, छळ केला, त्याच्याकडे परत जाण्याची सक्ती क्षमेत नाही. असं कुणी सांगत असेल, मग तो पाळक म्हणजे चर्चचा धर्मगुरू का असेना, ऐकू नका.

बाकी दोन सवयी लावा. आठवड्यातून एक दिवस, निदान अर्धा दिवस, काम आणि फोन बंद. शब्बाथाची, म्हणजे विसाव्याच्या दिवसाची, आज्ञा नोकरालाही, बैलालाही विसावा द्या असं सांगते, तेव्हा त्या दिवशी घरकामाच्या बाईंनाही सुट्टी द्या. आणि मिळकतीतला ठरलेला हिस्सा दर महिन्याला गरजवंताला, गाजावाजा न करता.

सावध कुठे राहायचं

माझ्या मावशीला मधुमेह होता. एका प्रार्थनासभेत तिला सांगितलं गेलं की विश्वास पुरेसा असेल तर गोळ्या लागत नाहीत. तिने गोळ्या बंद केल्या. तीन महिन्यांनी पायाचं बोट कापावं लागलं, आणि वर ऐकून घ्यावं लागलं की विश्वास कमी पडला. तेव्हापासून नव्या माणसाला मी हे पहिल्याच भेटीत सांगते: औषध आणि प्रार्थना दोन्ही घ्या. औषध सोडायला सांगणाऱ्याच्या सभेतून उठून या.

बरं करण्यासाठी पैसे मागणं, इतरांच्या देवांची निंदा, घरच्यांपासून लपवून ठेव असा आग्रह, आठवडाभरात बाप्तिस्म्याची घाई, नोकरी किंवा शाळेतल्या प्रवेशाचं आमिष, यातलं काहीही दिसलं तर तिथे जाऊ नका. जमाखर्च सभासदांसमोर वाचला जातो का आणि पाळकांना प्रश्न विचारता येतो का, तेही पाहा. आणि एक कटू गोष्ट: चर्चमध्ये आलं की जात सुटते असं मी सांगणार नाही. लग्नं जुळवताना ती अजून बाहेर येते. आमच्या मंडळ्यांचं हे पाप आहे आणि आमच्यातले काही जण त्याच्याशी झगडत आहेत.

शंका असतील तर

असू द्यात. ३२५ साली नायसिया इथे भरलेल्या धर्मपरिषदेत जो विश्वासांगिकार, म्हणजे श्रद्धेचं ठरलेलं निवेदन, ठरला, तो पुढे वाढवून आजही अनेक चर्चमध्ये म्हणतात. एखादं वाक्य तुम्हाला पटत नसेल तर तेवढ्यापुरते गप्प राहा. न पटलेलं तोंडाने म्हणण्यापेक्षा ते बरं. पुनरुत्थान हा मात्र बगल द्यायचा विषय नाही. सुरुवातीच्या काळातला प्रेषित पौल करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना पहिल्या पत्रात स्पष्ट लिहितो की ख्रिस्त उठला नसेल तर आमचा विश्वास व्यर्थ आहे. येशूच्या मृत्यूनंतर वीसेक वर्षांत लिहिलेलं हे पत्र. त्याचा पंधरावा अध्याय वाचा, आणि त्यानंतर योहानच्या विसाव्या अध्यायातला येशूचा शिष्य थोमा. खिळ्यांचे व्रण पाहिल्याशिवाय मानणार नाही म्हणणाऱ्याला बाकीच्या शिष्यांनी घालवून दिलं नाही. तो आठ दिवस त्यांच्यातच राहिला. हाच थोमा इसवी सन ५२ मध्ये केरळात आला अशी तिथल्या ख्रिस्ती लोकांची परंपरा आहे.

घरचे आणि बाप्तिस्मा

घरी लपवाछपवी करू नका आणि भांडणही काढू नका. ‘मी चर्चमध्ये जाते, बायबल वाचते’ एवढं सरळ सांगा. आईने प्रसाद पुढे केला तर काय करायचं, यावर ख्रिस्ती लोकांत मतं वेगवेगळी आहेत. माझं मत असं की आईचं मन दुखावून देव मिळत नाही, आणि खोटं बोलूनही मिळत नाही. टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळलं होतं, काही वर्षं ताटातूट झाली. पुढे त्या त्यांच्याकडे राहायला आल्या त्या हिंदू म्हणूनच, आणि नंतर आपल्या मनाने, आपल्या वेळी ख्रिस्ती झाल्या. ‘स्मृतिचित्रे’ वाचलं नसेल तर आता वाचा. एकाच्या श्रद्धेची घराला काय किंमत पडते आणि प्रेम त्यातून कसं वाट काढतं, ते इतकं खरं दुसरीकडे सापडणार नाही.

बाप्तिस्मा म्हणजे पाण्याने होणारा स्नानसंस्कार, आणि तो आयुष्यात एकदाच होतो. घाई नको. कॅथलिक चर्चमध्ये त्याआधी कित्येक महिने शिकवण होते. आमच्याकडे निदान वर्षभर थांबायला सांगतात. राज्यघटनेच्या २५ व्या कलमाने सदसद्विवेकाचं स्वातंत्र्य तुम्हाला दिलेलं आहे, तरी कागदोपत्री परिणाम नीट समजून घ्या. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींच्या सवलती हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच मिळतात. ख्रिस्ती झालेल्या दलितांना त्या मिळत नाहीत. हा अन्याय आहे असं मी मानते, पण तो आहे हे नव्या माणसाला कुणीतरी आधी सांगायला हवं. आणि बाप्तिस्मा न घेता येशूच्या मागे चालायचं असेल तर? १९१७ मध्ये टिळकांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही जागा होती. आमच्या शेवटच्या बाकावरही आहे.

वर्षातला एकच दिवस यायला जमणार असेल तर नाताळापेक्षा ईस्टरला, म्हणजे येशूच्या पुनरुत्थानाच्या रविवारी, या. आदल्या शुक्रवारी दुपारी बारा ते तीन क्रुसावरच्या सात उद्गारांवर मनन होतं, आणि शेवटी कुणाशी न बोलता सगळे घरी जातात. सुरुवातीच्या काळातली मंडळी बाप्तिस्मे देत ते ईस्टरच्या रात्रीच. आमच्याकडे त्या रविवारी पहाटे प्रभातफेरी निघते. साडेचारला चर्चच्या फाटकापाशी जमायचं. ढोलकी आणि झांजा असतात, मेणबत्त्या आम्ही देतो. वारा असतो, ती विझते, मग शेजारच्याच्या मेणबत्तीवर पुन्हा पेटवून घ्यायची. गाणी येत नसली तरी चालतं. अंगावर शाल घ्या, नदीकाठच्या रस्त्याला त्या वेळी गारवा असतो.